हाताच्या मापाचं पिस्तूल

पेडणे आणि डिचोली तालुक्यांना बंदूक नवी नाही. इब्रामपूर, हळर्ण, चांदेलपासून लाटंबार्सेपर्यंत काजूच्या बागायतीत माकडं आणि रानडुकरं उतरतात. त्यामुळे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि एखादी जुनी बंदूक असलेली घरं आजही आहेत. निवडणूक जाहीर झाली की ती जमा करायची धावपळ आणि त्यावरची कुरकूर ठरलेली. अशा घरातल्या मुलीने नेमबाज मनू भाकरला पाहून एअर पिस्तूल मागितलं, की वडीलधारे बंदुकीच्याच अनुभवावर सांगतात, ‘नावाजलेलं घे, महागातलं घे, एकदाच काय ते होऊन जाऊ दे.’ हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि तो साफ चुकीचा आहे.

बंदुकीला खांदा असतो, गाल असतो, दोन हात असतात. दहा मीटरच्या स्पर्धेत पिस्तूल मात्र हात लांब करून एकाच हाताने धरायचं असतं. मनगटाला कसलाही आधार चालत नाही, तसा नियमच आहे. म्हणजे नेमबाज आणि पिस्तूल यांच्यात दुवा काय तो मुठीचा, आणि ती मूठ हाताला बसली नाही तर बाकी सगळं उत्तम असून उपयोग शून्य.

हिशोब करून पाहा. नेम धरायच्या मागच्या खाचेपासून पुढच्या माशीपर्यंतचं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर धरू. घोडा ओढताना माशी खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी दहा मीटरवर छर्रा जवळजवळ २९ मिलिमीटर बाजूला जातो. लक्ष्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे साडेअकरा मिलिमीटर. दहाचा फटका थेट सातावर येतो. आता मूठ मोठी असेल तर काय होतं? बोटाचं पहिलं पेर घोड्यावर सपाट बसत नाही, नुसतं टोक पोचतं. मग ओढ सरळ मागे न येता तिरकी लागते आणि माशी सरकते. मुलगी महिनोन्महिने स्वतःच्या हाताला दोष देत राहते आणि घरचे म्हणतात, ‘एवढं महागाचं घेऊन दिलं, तरी हिला जमत नाही.’ या वाक्याची मला खरोखर चीड येते.

‘पण मनूकडेही भारीतलंच पिस्तूल आहे ना?’ आहे. २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असतानाच तिचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि ५७५ गुणांवर तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं मिळवली. पिस्तुलाचं नाव दोन्ही वेळा मोठंच होतं. शिवाय अव्वल नेमबाजाची मूठ कानशीने घासून, लाकडाची पुट्टी भरून, पुन्हा घासून त्याच्या हाताच्या मापाची केलेली असते. आपण विकत घेतो ती कारखान्यातली. पदकवाल्याचं मॉडेल मिळतं, त्याची मूठ मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खरा नेमबाज हातात पडेल त्या हत्याराने नेम साधतो, लाड कशाला, असं जुनी माणसं म्हणतात. त्यांच्या बाजूने करोली ताकाच हे नावही पुढे करता येईल. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून या हंगेरियन सैनिकाचा उजवा हात गेला, तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकलं. माणसाची जिद्द म्हणून मी त्याच्यापुढे नतमस्तक आहे. पण त्याने गेलेल्या हाताचा हट्ट धरला नाही, उरलेल्या हातावर सगळं नव्याने बेतलं. हे उदाहरण आमच्याच बाजूचं आहे.

तिसरी समजूत बायकांबद्दलची. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे .३२ चं रिव्हॉल्व्हर खास स्त्रियांसाठी म्हणून आणलं. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. हलकं म्हणजे बाईला सोयीचं, हा त्यामागचा विचार. पण तेच काडतूस हलक्या हत्यारातून सुटलं की धक्का जास्त बसतो, हे साधं पदार्थविज्ञान आहे. एअर पिस्तुलाला असा धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे बारा वर्षांच्या पोराला आखूड नळीचं, हलकं पिस्तूल देणं योग्यच. मात्र ते त्याच्या खांद्याच्या ताकदीसाठी, मुलगा की मुलगी यासाठी नव्हे. आंतरराष्ट्रीय नियमांत एअर पिस्तुलासाठी दीड किलोची वजनमर्यादा आणि घोड्याला किमान ५०० ग्रॅमची ओढ स्त्री-पुरुषांना सारखीच आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये पालेम्बांगला पंचवीस मीटर पिस्तुलात आशियाई सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात घोड्याची ओढ किमान एक किलो लागते.

मग निवडायचं कसं? पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून ते मुठीत घ्या, नळी कोऱ्या भिंतीकडे. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या मागे वरपर्यंत चढली पाहिजे. डोळे मिटा, हात उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. माशी खाचेच्या मधोमध असेल तर मूठ तुमची. दर वेळी डावीकडेच दिसत असेल तर ते मनगट वळवून सुधारू नका, मूठ बदला. घोडा ओढताना माशी जागची हलते का ते पाहा. आणि त्याआधी आपला जोरकस डोळा कोणता ते तपासा, कारण उजव्या हाताची पण डाव्या डोळ्याची मुलं बरीच असतात आणि त्यांना कोणी विचारतच नाही.

साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि वीस जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, दहा मीटरची जागा शाळेच्या सभागृहातही निघते. म्हणून आपल्या तालुक्यांत जी शाळा किंवा क्लब वर्गणी काढून हे सुरू करील, त्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. तीन महागडी पिस्तुलं घेण्याऐवजी दोन मध्यम किमतीची घ्या आणि उरलेल्या पैशांत लहान, मध्यम, मोठ्या अशा मुठी आणा. त्यात एक तरी डावखुऱ्यांची असू द्या.