होकायंत्र आणि दोर : शिक्षणातील दोन उपेक्षित साधने

आपल्या शाळांतील विज्ञानाच्या पुस्तकात चुंबकसूचीचे चित्र असते आणि परीक्षेत तिच्यावर प्रश्नही असतो. परंतु ती हातात घेऊन अनोळखी माळावर एक किलोमीटर सरळ चालून दाखवील असा विद्यार्थी विरळाच. दोराची स्थिती याहून वाईट आहे. गाठ हा विषय वर्गात शिरलेलाच नाही. स्काउट-गाइडच्या पथकात जे जातात त्यांच्यापुरताच तो उरला आहे. होकायंत्राने मार्ग काढणे आणि उपयुक्त गाठी बांधणे या दोन गोष्टी प्रत्येक मुलामुलीला शिकवल्या पाहिजेत, आणि त्या करमणूक म्हणून नव्हे तर विज्ञान म्हणून शिकवल्या पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. आज खिशातल्या दूरध्वनीला उपग्रह स्थान सांगतात. मग या जुन्या यंत्राचे प्रयोजन काय? उपग्रहीय मार्गदर्शन ही विज्ञानाची थोर देणगी आहे यात शंका नाही, आणि भारताने ‘नाविक’ ही स्वतःची प्रणाली उभारली हे भूषणावहच आहे. परंतु बॅटरी संपली किंवा यंत्र पाण्यात पडले, की ही देणगी तत्काळ निरुपयोगी होते. शिवाय उपग्रहांच्या संदेशांवरून आपण कोठे आहोत एवढेच कळते. एका जागी स्थिर उभ्या असलेल्या माणसाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी दूरध्वनीतही एक लहानसा चुंबकमापक बसवलेला असतो. म्हणजे ज्याला आपण कालबाह्य म्हणतो ते होकायंत्रच नव्या वेषात आपल्या खिशात आहे; आणि लोखंडाजवळ तेही तितकेच फसते.

होकायंत्र वापरणे म्हणजे केवळ उत्तर दिशा पाहणे नव्हे. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या गतीने ० ते ३६० अंश मोजतात; एखाद्या खुणेचा असा कोन म्हणजे तिचा दिगंश. समजा, दूरच्या टेकडीचा दिगंश ६० अंश आला. त्या रेषेवरचे जवळचे झाड किंवा खडक हेरावा, तेथवर जावे आणि तेथून पुन्हा ६० अंशांवर पुढची खूण पाहावी. मग धुक्याने टेकडी झाकली तरी मार्ग सुटत नाही. परतताना १८० मिळवावे. २४० अंशांवर आपण मूळ जागी येतो. नकाशावरील दोन शिखरे ओळखता आली, तर त्यांचे दिगंश घेऊन नकाशावर त्या शिखरांतून मागे रेषा काढाव्यात; त्या जेथे छेदतात तेथे आपण उभे आहोत. यात १ अंशाची चूक झाली तर किलोमीटरमागे सुमारे साडेसतरा मीटर, आणि ५ अंशांची झाली तर सुमारे ८७ मीटर आपण बाजूला जातो. कड्याच्या काठाने जाणाऱ्या वाटेवर एवढे अंतर प्राणघातक ठरू शकते. ज्या विद्यार्थ्याने हे अंतर मैदानावर स्वतः मोजले, त्याला त्रिकोणमिती कशासाठी शिकायची हा प्रश्न पडणार नाही.

आणखी एक धडा येथे मिळतो, तो म्हणजे साधनाच्या मर्यादेचा. सूची भौगोलिक उत्तरेकडे नव्हे, तर चुंबकीय उत्तरेकडे वळते. चीनमधील शेन कुओ यांनी १०८८ च्या सुमारास हे विचलन नोंदवले होते. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये पृथ्वी हाच एक प्रचंड चुंबक आहे असे प्रतिपादले. पुढे जेम्स क्लार्क रॉस यांनी १८३१ मध्ये कॅनडाच्या उत्तर भागात उत्तर चुंबकीय ध्रुव शोधला. तो तेथून सरकत आता सायबेरियाच्या दिशेने गेला आहे. आपल्या देशात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. जी काळजी शास्त्रज्ञांनी घेतली तीच पदभ्रमण करणाऱ्याने लहान प्रमाणात घ्यावयाची आहे. चाकू, दूरध्वनी आणि विजेच्या तारा यांपासून सूची दूर ठेवावी. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात लोहयुक्त खनिजे आहेत. वीज पडलेल्या शिखरावरील खडकाजवळ तर सूची बरीच ढळू शकते. म्हणून काही पावले सरकून पुन्हा वेध घ्यावा. एकाच वाचनावर न विसंबणे, ही विज्ञानाची पहिली शिस्त होय.

आता दोराकडे वळू. मराठीत निरगाठ आणि सुरगाठ असे दोन शब्द पूर्वापार आहेत : एक सहजी न सुटणारी, दुसरी टोक ओढताच सुटणारी. उत्तम गाठीत या दोहोंचे गुण असावे लागतात. भार असेपर्यंत ती सुटू नये आणि भार उतरताच सहज सोडवता यावी. शाळेत चार गाठी पुरेशा आहेत. जखमेची पट्टी बांधण्यास रीफ नॉट. जाड व बारीक दोर जोडण्यास शीट बेंड, जिची घडण तुटलेला धागा सांधणाऱ्या विणकराच्या गाठीसारखीच आहे. खांबाला दोर अडकवण्यास क्लोव्ह हिच. आणि न आवळणारा फास करण्यास बोलाइन.

यामागे गणित आहे. घर्षणगुणांक ०.३ असेल, तर खांबाभोवती दोराचा एक पूर्ण वेढा दिल्याने हातातील ओढीच्या साडेसहापट भार तोलला जातो, दोन वेढ्यांनी सुमारे ४३ पट आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. रीफ नॉट बांधताना उजवे टोक डाव्यावर आणि मग डावे टोक उजव्यावर न्यावे लागते. दोन्ही वेळा एकाच बाजूने नेले, तर दिसायला जवळजवळ तशीच पण घसरणारी गाठ तयार होते. असे का होते, याचा गणिती उलगडा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ताणानुसार रंग बदलणाऱ्या तंतूंच्या साहाय्याने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. ज्याला आपण अडाण्याचे कसब समजत आलो, ते असे प्रगत संशोधनाचा विषय आहे. शेतकरी, कोळी आणि विणकर यांच्या हातांतील ज्ञानाला वर्गात प्रतिष्ठा मिळणे, हाही या शिक्षणाचा एक लाभच ठरेल.

मात्र एक इशारा आवश्यक आहे. चार गाठी आल्या म्हणजे कडा चढता येतो असे नव्हे. गाठीमुळे दोराची ताकद लक्षणीय घटते, आणि रीफ नॉटने दोन दोर जोडून त्यांवर माणसाचा भार टाकणे तर सर्वथा वर्ज्य आहे. गिर्यारोहण हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच शिकावे. पावसाळ्यात, धुक्यात वाट चुकल्यास खरे शहाणपण बहुधा थांबण्यातच असते. पण आपण चुकलो आहोत हे वेळीच ओळखण्यासाठीही दिशेचे ज्ञान लागते.

दुसरा आक्षेप साधनांच्या अभावाचा. पाच-सहा विद्यार्थ्यांमागे एक साधे होकायंत्र, प्रत्येकास दोन मीटर दोर आणि परिसराचा एक नकाशा, एवढीच सामग्री लागते. सत्रातून एक दिवस वर्ग मैदानावर न्यावा, आणि लेखी उत्तराऐवजी केलेल्या कामास गुण द्यावेत. सार्वजनिक ग्रंथालयांनी पुस्तकांप्रमाणेच होकायंत्रे व नकाशेही वाचकांना घरी नेण्यास द्यावेत. शिक्षक आणि ग्रंथपाल यांनी मनावर घेतले, तर यासाठी कोणत्याही नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.