वारसा आणि कलम

फ्रान्समधील बास्क प्रदेशात लापुर्दी प्रांतातले इत्सासू हे गाव चेरीसाठी ओळखले जाते. शापाता, पेलोआ आणि बेल्त्सा ही तेथील जुन्या वाणांची नावे. 'बेल्त्सा' म्हणजे बास्क भाषेत 'काळी'. इत्सासूच्या काळ्या चेरीचा जॅम मेंढीच्या दुधाच्या चीजसोबत खातात आणि बास्क केकच्या पोटातही भरतात. जूनच्या आरंभी गावात चेरीचा उत्सव असतो. विसाव्या शतकात या बागा ओसरत गेल्या. पुढे स्थानिक उत्पादकांनी एकत्र येऊन पुन्हा लागवड आरंभली. असे 'वारसा वाण' आपल्या परसात असावे अशी हौस आता अनेकांना वाटते. हौस चांगलीच आहे. तिच्या आडून जी शुद्धतेची कल्पना डोकावते, तिच्याविषयी मात्र आम्हांला काही म्हणायचे आहे.

शापाताची बी पेरली तर शापाता उगवत नाही. जे उगवते ते संकरातून आलेले वेगळेच झाड असते. वाण टिकवायचे तर त्याची काडी किंवा डोळा दुसऱ्या झाडाच्या खुंटावर बांधावा लागतो. (लेखणीला आणि या क्रियेला मराठीत 'कलम' हा एकच शब्द आहे, हे जाता जाता.) खुंट बहुधा रानचेरीचा असतो, पण त्यावरचे झाड फार उंच जाते, म्हणून लहान परसात झाड खुजे ठेवणारा 'गिसेला'सारखा खुंट घेतात. तो जर्मनीतल्या गीसन येथे संकरातून निपजलेला! म्हणजे बास्क वारशाचे पाय जर्मन. आपल्याकडे देशीवादाच्या चर्चेत 'मुळे' हे रूपक इतके सैल हाताने वापरले जाते की, या झाडाकडे विद्यार्थ्यांचे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. येथे जे अस्सल आहे ते मुळात नसून वर बांधलेल्या काडीत आहे.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. बहुतेक गोड चेरींना स्वतःचा पराग चालत नाही. जुन्या वाणांबाबत तर हे गृहीतच धरावे. एकाच वाणाची दहा झाडे लावली तरी ती परस्परांच्या उपयोगी नसतात, कारण ती सारी वस्तुतः एकाच झाडाची अंगे असतात. त्याच सुमारास फुलणारे, पराग जुळणारे परके वाण जवळपास हवे आणि मधमाश्याही हव्यात. शुद्धतेच्या हट्टाने कुंपण घालून एकटेच लावलेले झाड वसंतात डोळे निवतील असे फुलेल, पण जूनमध्ये फांद्या रित्याच राहतील.

बास्क ही कोणत्याही ज्ञात भाषाकुलात न बसणारी भाषा. परंतु तिच्यात चेरीला 'गेरेझी' म्हणतात, आणि तो शब्द लॅटिनमधून आलेला आहे. बेर्नार्ट एचेपारे याच्या ज्या काव्यग्रंथाला बास्कमधील पहिले छापील पुस्तक मानतात, तो 1545 साली बोर्दो येथे छापला गेला, तोही लॅटिन शीर्षक धारण करून. यामुळे त्याचे बास्कपण उणावले असे कोणी म्हणत नाही.

याचा अर्थ सारी वाणे सारखीच, कोणतेही लावले तरी चालेल, असा कोणी काढील तर तेही आम्हांला मान्य नाही. शापाता गेली तर ती बियांतून परत मिळवता येणार नाही. म्हणूनच परसातल्या झाडाच्या नावाच्या पाटीपेक्षा त्याच्या निगेला महत्त्व आहे. छाटणी फळे उतरल्यावर, कोरड्या हवेत करावी. हिवाळ्याच्या ओलीत केलेल्या जखमांतून रोग शिरतात. 2008 पासून युरोपात आढळू लागलेली ठिपकेदार पंखांची फळमाशी पिकत्या चेरीत अंडी घालते. तिच्यासाठी बारीक जाळी हवी, आणि फळे झाडावर रेंगाळू देऊ नयेत. शिवाय झाड निरोगी असेल तर हिवाळ्याच्या अखेरीस मागेल त्या शेजाऱ्याला काड्या द्याव्यात. त्याने त्या कोणत्या खुंटावर बांधल्या, हे विचारण्याचे कारण नाही. त्याच्याकडे दुसरे कोणते वाण फुलते, हे मात्र जरूर विचारावे.