मक्याचे सांडपाणी गाळायचे कोणी?

जव्हार-मोखाड्यात पाऊस भरपूर, पण उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवरील स्त्रियांना खड्ड्यात झिरपलेले पाणी फडक्याने गाळून घरी न्यावे लागते. त्या श्रमाची किंमत कोणी धरत नाही. वावर-वांगणीच्या कुपोषित बालकांच्या मृत्यूंनी १९९२ साली महाराष्ट्र हादरला, तो हाच मुलूख. पाणी गाळण्याचा खर्च परवडत नाही, ही कारखानदारीची तक्रार येथून ऐकली म्हणजे फार विचित्र वाटते.

दोंडाईचा, चाळीसगाव येथे मक्यापासून स्टार्च काढतात. त्यासाठी मका गंधकाच्या वायूच्या सौम्य द्रावणात, सुमारे ५० अंश उष्णतेत, दीड-दोन दिवस भिजत ठेवावा लागतो. त्या पाण्यात प्रथिने, साखर, क्षार उतरतात. हे काही विष नव्हे, अन्नच आहे. आणि म्हणूनच ते नाल्यात सोडले की कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे मरतात.

हे अन्न परत मिळवता येते, ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत १९४१ साली हेच भिजवणीचे पाणी आटवून बुरशीला घातले, तेव्हा पेनिसिलिनचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले. आजही ग्लुटेन यंत्रांनी वेगळे काढून कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकले जाते. म्हणजे ज्याला बाजारात भाव आहे, ते मालक अगदी कसोशीने गाळून घेतो. हात आखडतो तो उरलेल्या पाण्यापाशी!

कायद्याचे माप स्पष्ट आहे. टनभर मक्यामागे ८ घनमीटरपेक्षा अधिक सांडपाणी नको आणि त्याची प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवी. परंतु संसदेने २०२४ साली जल प्रदूषण कायदा दुरुस्त करून अनेक गुन्ह्यांची कैद काढली आणि १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. मोठ्या भांडवलाला हा दंड म्हणजे खर्चाच्या वहीतली आणखी एक ओळ. त्यात आता इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली आहे. तेथेही दूषित पाणी निघतेच.

पालघर जिल्ह्यात असा कारखाना येऊ घातल्यास कार्यकर्त्यांनी रोजगाराच्या आकड्यांआधी सांडपाण्याचा हिशेब मागावा. जव्हार व मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे आणि १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. पाण्याचे नमुने ग्रामसभेच्या माणसांसमोर घेतले जावेत आणि त्यांचे आकडे दरमहा मराठीतून चावडीवर लागावेत, एवढी अट परवानगीपूर्वीच लेखी घालून घ्यावी.