तबकडी आणि सीडी : एका नादाचा ताळेबंद



गेल्या महिन्यात स्थानकात प्रवचन संपल्यावर एक परिचित व्यापारी बंधू भेटले. त्यांच्या वडिलांचे निधन होऊन वर्ष झाले आहे. तिघा भावांत दुकान, घर आणि दागिने यांची वाटणी एका शब्दाचाही वाद न होता झाली. गाडे अडले ते एका लाकडी कपाटापाशी. त्यात वडिलांच्या सुमारे दीडशे तबकड्या आहेत. थोरला म्हणतो, विकून मोकळे व्हा. मधला म्हणतो, त्याच गाण्यांच्या सीडी घेऊ, आवाज स्वच्छ येतो. धाकटा म्हणतो, नवे यंत्र आणून त्याच तबकड्या ऐकू, कारण खरा आवाज तबकडीचाच. "काका, तुम्ही बँकेत होतात आणि गाणेही ऐकता. तुम्हीच हिशेबाने सांगा," असे ते म्हणाले.

हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी माझ्या घरीही उभा राहिला होता आणि मी त्याचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने देऊन टाकले होते. त्या उत्तराविषयी शेवटी लिहीन. आधी हिशेब.

ज्यांना आपण सरसकट 'रेकॉर्ड' म्हणतो, त्यांत दोन जाती आहेत. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी, जड आणि पडताच फुटणारी तबकडी मुख्यतः लाखेची असे. लाख हा कीटकांचा स्राव. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत 'लाक्षावाणिज्य' येते, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावे. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, व्हायनिल नावाच्या प्लास्टिकची 'लाँग प्ले' तबकडी बाजारात आणली. लाख गेली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. आपल्या ख्यालगायकीला थोडा तरी मोकळा श्वास मिळाला तो तेव्हा. पुढे फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून सीडी घडवली. ती १९८२च्या ऑक्टोबरमध्ये जपानात प्रथम विक्रीस आली. बारा सेंटीमीटर व्यासाच्या त्या चकतीवर तासाहून अधिक संगीत मावते.

आता दोहोंची कार्यपद्धती पाहू. तबकडीवर एकच लांब, नागमोडी खाच असते. सुई त्या खाचेतून जाताना थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. ही वीज अत्यंत क्षीण, चार-पाच मिलिव्होल्ट इतकीच. सीडी प्लेअर साधारण दोन व्होल्ट देतो, म्हणजे सुमारे चारशेपट. म्हणून तबकडीसाठी 'फोनो' नावाचा वेगळा वर्धक लागतो. तो आणखी एक काम करतो. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि तारसप्तकाचे उचललेले असतात. तसे न केल्यास खाच फार रुंद होईल आणि खरखर फार ऐकू येईल. ऐकताना हा फेरफार नेमका उलटा करावा लागतो. स्वस्त यंत्रात हा वर्धक सामान्य प्रतीचा असला की सगळा हिशेब तेथेच बिघडतो.

तबकडीची दुसरी अडचण भूमितीची आहे. फेऱ्यांचा वेग एकच, पण खाचेचे वर्तुळ आत जाताना लहान होत जाते. बाहेरच्या कडेला सुईखालून दर सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खाच सरकते. शेवटी ती जेमतेम २१ सेंटीमीटर उरते. तेवढेच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोरलेले असते आणि सुईला ते नीट वाचता येत नाही. आपल्या संगीताचे दुर्दैव असे की ख्याल आरंभी विलंबित आणि अखेरीस द्रुत असतो. म्हणजे शांत आलापी येते प्रशस्त जागेत आणि सर्वांत वेगवान ताना येतात सर्वांत दाटीच्या जागेत. शेवटच्या तानांना कापरेपणा आला की आपण गवयाला बोल लावतो. दोष बहुधा खाचेचा असतो.

सीडीची पद्धत रोजकीर्दीसारखी आहे. दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद होते आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसते. दोन नोंदींच्या मधला आवाज हरवत असेल, ही शंका मलाही पूर्वी वाटे. ती खरी नाही. वीस हजार हर्ट्झपर्यंतची कोणतीही लहर एवढ्या नोंदींवरून अखंड रूपात पुन्हा उभी करता येते, हे गणिताने सिद्ध आहे. मनुष्याच्या कानाची मर्यादा तेवढीच, आणि माझ्या कानांनी तर बारा हजारांच्या पुढचा व्यवहार केव्हाच बंद केला आहे. अतिसूक्ष्म आणि अतिमोठ्या आवाजातील अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मिळते. चांगल्या तबकडीवर ते ६० ते ७०च्या घरात असते.

हे झाले पुस्तकी ज्ञान. माझ्या घरी साधा ॲम्प्लिफायर, दोन लहान स्पीकर आणि एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. तोच सीडी वाजवतो आणि उत्तम वाजवतो. गेल्या वर्षी अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातीच्या आग्रहाने पंधरा-सोळा हजारांचे एक टर्नटेबल आणले. आम्ही दोन मुद्रणे निवडली: पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग आणि किशोरीताई आमोणकरांचा भूप. दोन्ही तबकडीवरही होती, सीडीवरही. आधी दोहोंचा आवाज मोबाइलवरील मापकाने समान केला. ही काळजी आवश्यक आहे, कारण जो आवाज किंचित मोठा तोच कानाला अधिक चांगला वाटतो. दुकानदाराला हे बरोबर ठाऊक असते. मग नातीने पडद्यामागून कळ फिरवायची आणि आम्ही उभयतांनी मत लिहायचे, असे ठरले.

तबकडी कोणती हे तिच्या बारीक टकटकीवरून लगेच ओळखू येई, त्यामुळे परीक्षा पूर्णपणे निःपक्षपाती झाली नाही, हे कबूल करतो. अभंगांत सौभाग्यवतींनी तबकडीला कौल दिला. पेटी आणि आवाज अधिक भरीव वाटला म्हणाल्या. मलाही तसेच वाटले. त्या सीडीवर जुन्या फितीची खरखर काढताना तानपुऱ्याची जवारीही थोडी पुसली गेली असावी, असे माझ्या कानांना जाणवले. भूपाच्या अखेरच्या तानांत मात्र दोघांनीही निःसंकोच सीडी निवडली.

मग नातीने एक युक्ती काढली. या टर्नटेबलावरून तबकडीचा आवाज थेट संगणकात उतरवता येतो. तिने अभंगांची बाजू तशी उतरवली आणि कधी तबकडी, कधी तिची संगणकातील प्रत अशी ऐकवली. सुई टेकल्याचा आवाज कळू नये म्हणून गाणे सुरू झाल्यावरच ती आवाज वाढवी. वीस वेळा ऐकून मी अकरा वेळा बरोबर ओळखले. नाणे उडवले असते तरी दहा वेळा बरोबर आलेच असते! तबकडीची जी ऊब म्हणतात, ती आकड्यांत उतरवल्यावरही तशीच राहिली. म्हणजे ती ऊब आकड्यांनी हिरावलेली नव्हती. ती त्या तबकडीच्या घडणीत, तिच्या कोरीवकामात आणि तिच्या दोषांतही होती.

जाणकारांचीही हीच गत झाली आहे. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागड्या तबकड्यांसाठी विख्यात आहे. तिच्या अनेक तबकड्या तयार होताना मध्ये डिजिटल प्रत वापरली जात होती, हे २०२२ साली उघड झाले. तोवर वर्षानुवर्षे रसिक त्याच तबकड्यांना 'शुद्ध, आकड्यांचा स्पर्श नसलेल्या' म्हणून नावाजत होते. कानापेक्षा वेष्टनावरील मजकूर अधिक ऐकला जातो, तो असा.

तेव्हा केवळ आवाजाचा आणि मर्यादित खर्चाचा प्रश्न असेल तर निर्णय स्पष्ट आहे. थोड्या पैशांत सीडी अधिक देते. स्वस्त सीडी प्लेअर आणि महाग सीडी प्लेअर यांत फरक थोडा. स्वस्त टर्नटेबल आणि चांगले टर्नटेबल यांत फरक मोठा. त्यातही पेटीसारखी दिसणारी अतिस्वस्त यंत्रे टाळावीत. त्यांतील पुष्कळांची सुई पाच-सहा ग्रॅमच्या भाराने खाचेवर बसते. बऱ्या यंत्रात हा भार दोन ते साडेतीन ग्रॅम असतो. जड सुई हळूहळू खाच झिजवते, म्हणजे व्याजापायी मुद्दलच खाते.

आता माझ्या जुन्या उत्तराविषयी.

वडिलांचे भुसाराचे दुकान होते. चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवण, मग प्रतिक्रमण आणि त्यानंतर तबकडीची एक बाजू. एकच. संगीत हा श्रोत्रेंद्रियाचा विषय, म्हणून त्यालाही परिमाण हवे, असे ते म्हणत. बाजू संपली की ते स्वतः उठून सुई उचलीत, तबकडी पुसून ठेवीत आणि झोपायला जात. पर्युषणात यंत्रावर कापड पडे. १९९६ साली मला बढतीची थकबाकी मिळाली आणि मी हौसेने सीडी प्लेअर आणला. आवाज स्वच्छ, जागा कमी, खरखर नाही, हे सारे मी त्यांना पटवून दिले. ते एक शब्दही बोलले नाहीत. तबकड्या आणि जुने यंत्र मी रद्दीवाल्याला वजनावर दिले.

त्यांनी काही दिवस सीडी ऐकली. एकदा एवढेच म्हणाले, "याला शेवट कुठे असतो रे?" मी त्यांना बंद करण्याचे बटण दाखवले. पुढे त्यांचे ऐकणे सुटले. वयामुळे आवड ओसरली, असे मी समजलो.

ते गेल्यावर त्यांच्या कपाटात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या अकरा तबकड्या सापडल्या. रद्दीवाला येण्याआधी त्यांनी त्या काढून ठेवल्या होत्या. वाजवायला घरात यंत्र नव्हते, तरी नऊ वर्षे त्यांनी त्या सांभाळल्या आणि माझ्याकडे कधी यंत्र मागितले नाही. वर सांगितलेले अभंग आणि भूप त्या अकरांतलेच.

आवाजाविषयीचा माझा निष्कर्ष १९९६ सालीही बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. चूक अशी झाली की मी एकाच नयाने पाहिले. अनेकांतवाद मी पाठशाळेत शिकलो होतो. घरच्या वस्तूला तो लावण्याचे सुचले नाही. माझ्या लेखी ते ध्वनीचे साधन होते; वडिलांच्या लेखी ते बावीस मिनिटांची मर्यादा पाळणारे नियमाचे साधन होते. ज्याची वस्तू, त्याला मी विचारलेच नाही. हे त्यांच्या हयातीत कळले असते तर संवत्सरीच्या दिवशी त्यांच्यासमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना त्या शब्दांना काही निश्चित अर्थ असता.

त्या तिघा भावांना माझे सांगणे असे. घाईने विकू नका. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. उन्हापासून व दमटपणापासून जपा. कोणत्या तबकड्या सीडीवर मिळतात याची यादी करा; ज्या मिळत नाहीत त्या अमूल्य समजा. एक बरेसे टर्नटेबल तिघांत मिळून घ्या आणि सर्व बाजू घरच्यांपुरत्या संगणकात उतरवून घ्या. त्या प्रती विकू किंवा वाटू नका, अचौर्य तेथेही लागू आहे. मग ज्याला स्वच्छ आवाज हवा त्याने सीडी ऐकावी. सर्वांना पुरे झाल्यावर उरलेल्या तबकड्या जाणकार संग्राहकाला द्याव्यात, वजनावर मात्र नव्हे. आणि आपल्या मातोश्री हयात आहेत, तेव्हा पहिला प्रश्न त्यांना विचारावा: यातली कोणती ठेवायची?

आमच्या घरी आता रात्री एक बाजू वाजते. चांगली सुई साधारण पाचशे तास टिकते. रोज वीस मिनिटे धरली तर दीड हजार दिवस, म्हणजे चार वर्षे. सुई उचलायला नात उठते.

जय जिनेंद्र.