तांब्या, मोरी आणि इंद्रायणी
चाकणला २००९ मध्ये जर्मन कंपनी फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून चिखली-मोशीकडच्या इंजिनिअरांना जर्मनी फारशी परकी राहिली नाही. कामानिमित्त तिकडे गेलेल्याची पहिली अडचण न्हाणीघरात होते. संडासात पाणी नाही, नुसता कागद. आणि फरशीला बहुधा मोरीच नसते, म्हणून बादलीने आंघोळ केली की पाणी थेट खोलीत. तांब्याची सवय असलेल्याला कागद अपुरा वाटतो, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. इटलीने १९७५ मध्ये प्रत्येक घरात एक तरी बिडे, म्हणजे पाण्याने धुण्याचं भांडं, सक्तीचं केलं. जपानच्या टोटो कंपनीने १९८० मध्ये पाण्याचा फवारा मारणारं वॉशलेट आणलं. चपला दारातच काढण्याची रीत तर जपानी आणि मराठी घरांत सारखीच. शिकायचं आहे ते उंबऱ्याबाहेरचं. जर्मनीत पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते; रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की अनामत परत मिळते. इकडे इंद्रायणी नदीवर पांढरा फेस तरंगतो, आणि आंघोळ करून, देव्हारा पुसून निघालेली माणसं निर्माल्य पिशवीसकट पुलावरून तिच्यात सोडतात.