गेटवरचं विमान आणि टेक्सासचं गोदाम

परवा आपल्या भागातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संस्थाचालकांनी गेटसमोरचा नवा चौथरा मला कौतुकाने दाखवला. त्यावर म्हणे वायुदलातून निवृत्त झालेलं विमान बसणार. "पोरांना प्रेरणा मिळेल." मी विचारलं, पोरं त्याला हात लावणार का? "छे, चारी बाजूंनी रेलिंग करतोय ना!"

मग आणताय कशाला साहेब? सेल्फीला?

मित्रांनो, अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. २०११ मध्ये नासाने स्पेस शटल बंद केलं. ह्यूस्टनला अंतराळवीरांच्या सरावाचं एक यंत्र होतं, मोशन सिम्युलेटर. शटलच्या कॉकपिटसारखी हुबेहूब केबिन, खाली हायड्रॉलिक पाय. उड्डाणाचे हादरे, कलणं, सगळं जमिनीवरच अनुभवायचं. आपल्या कल्पना चावलांनीही त्यात सराव केला होता. हे यंत्र टेक्सास ए अँड एम विद्यापीठाला शिक्षणासाठी मिळालं. गाजावाजा झाला, यंत्र सुटं करून नेलं, आणि ते सुटे भाग वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिले. कारण मिळणं वेगळं आणि उभं करणं वेगळं. त्याला जागा लागते, पैसा लागतो, जाणती माणसं लागतात. आणि हे तिथलं गडगंज विद्यापीठ, बरं का!

पुढे बॉनी डनबार यांनी ते मनावर घेतलं. पाच वेळा अंतराळात जाऊन आलेल्या बाई, नंतर त्याच विद्यापीठात प्राध्यापक. विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी जोडणी काढली. ते आता ह्यूस्टनच्या एका विमान संग्रहालयात आहे. माझ्या मते खरं शिक्षण झालं ते त्या जोडणीत. कुठली वायर कुठे जाते हे शोधताना पोरगं जे शिकतं, ते रेलिंगबाहेर उभं राहून शिकेल का?

आपल्याकडे काय होतं ते शेजारच्या तालुक्यातल्या चौकात जाऊन बघा. रणगाड्याचा रंग उडालाय, आत गुटख्याच्या पुड्या. उद्घाटनाची कोनशिला तेवढी चकचकीत.

आणि ज्या कॉलेजात विमान येतंय, तिथल्या वर्कशॉपमधली दोन लेथ मशीन बंद आहेत. हे तिथल्याच पोरांनी मला सांगितलंय. फी मात्र पूर्ण भरतात.

चौथऱ्याचा खर्च किती, तो कुठून केला, देखभाल कोण करणार, आणि पोरांना विमानाचं एखादं झाकण तरी उघडू देणार का, हे मी संस्थेला लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.