सभासद कीं कोयता?

दिवाळीची सुटी संपून शाळा भरते, तेव्हां वर्गांतील कांहीं बाकें रिकामींच राहतात. त्या बाकांवरील मुलें आईबापांबरोबर ऊसतोडणीस गेलेलीं असतात. त्या बाकांकडे पाहून मनांत आलेला विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडतों.

यंत्रामुळें माणसाचे श्रम बदलतात, हें आपण सर्व जाणतों. परंतु त्या श्रमांबरोबर माणसाची समाजांतील व राज्यकारभारांतील ओळखही बदलते, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. याचें उदाहरण दूर शोधावयास नको. तें आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतच आहे.

भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि प्रवराकांठीं ऊस उभा राहिला. तथापि गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हातीं व कर्ज सावकाराच्या वहींत, अशी शेतकऱ्याची स्थिति होती. पुढें १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें व धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालीं लोणीजवळ शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. गुऱ्हाळाच्या जागीं कारखाना आला, एवढेंच घडलें नाहीं. शेतकरी 'सभासद' झाला. भाग कितीही असोत, एका सभासदास एक मत. कालचा कर्जदार संचालकांच्या निवडणुकीस उभा राहूं लागला, आणि तीच वाट पुढें विधानसभेपर्यंत गेली.

त्याच यंत्राची दुसरी बाजू पाहा. कारखान्यास रोज हजारों टन ऊस लागतो. तोडलेला ऊस पडून राहिला तर त्यांतील साखर घटते. म्हणून पाथर्डी, जामखेड व शेजारच्या बीड जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांतून तोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची व ती राबून फेडावयाची. नवरा-बायको मिळून हिशेबांत 'एक कोयता'! एकाच उसानें एकास सभासद केलें व दुसऱ्यास हत्यार. बायकोस तर हिशेबांत स्वतंत्र जागाच नाहीं. २०२४ सालीं विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरला झालें. गळिताचा हंगामही त्याच सुमारास सुरू झाला. जो त्या दिवशीं दूरच्या फडांत असेल, त्याचें नांव मतदारयादींत असून काय उपयोग?

आतां ऊस तोडणारें यंत्रही फडांत शिरलें आहे व शासन त्यास अनुदान देत आहे. कष्ट वांचले तर आनंदच आहे. परंतु यंत्र ज्याच्या मालकीचें, त्याची कमाई वाढते. ज्याच्या मालकीचें नाहीं, त्याच्या कष्टांबरोबर पोटही जातें. म्हणून माझें मत असें कीं, तोडणी कामगारांच्या सहकारी संस्था व्हाव्या, त्यांत नवरा व बायको या दोघांसही स्वतंत्र सभासदत्व असावें, आणि यंत्रें त्या संस्थांच्या मालकीचीं असावीं. कोणी म्हणेल, शेतकऱ्याजवळ तारणास जमीन होती. याच्याजवळ काय आहे? म्हणूनच यंत्राचें अनुदान प्रथम अशा संस्थांस मिळालें पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, हंगाम संपला म्हणजे रिकाम्या बाकांवरील मुलें परत येतील. मागें राहिलेला अभ्यास त्यांना समजावून द्या, विशेषतः गणित. ज्यास मुकादमाच्या वहींतील हिशेब तपासतां येतो, त्यास केवळ कोयता म्हणून मोजणें सोपें नसतें.